अमेरिकेत फोन-इंटरनेटची ‘लाईफलाईन’ सवलत: कुणाला मिळते, अर्ज कसा करायचा, आणि तो कुठे अडतो

अमेरिकेत कमी उत्पन्नाच्या घरांना फोनच्या किंवा इंटरनेटच्या बिलात दरमहा सूट देणारी केंद्र सरकारची एक योजना आहे. तिचं नाव लाईफलाईन. १९८५ साली ती घरातल्या तारेच्या फोनसाठी सुरू झाली, पुढे मोबाईल आला आणि २०१६ च्या फेररचनेत इंटरनेटही. नियम करतं फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन, म्हणजे एफसीसी, आणि रोजचा कारभार बघते युसॅक ही संस्था. पैसा थेट सरकारी तिजोरीतून येत नाही. टेलिफोन कंपन्यांकडून वर्गणी घेतली जाते आणि कंपन्या ती ग्राहकांकडून वसूल करतात. तुमच्या फोनबिलावर ‘युनिव्हर्सल सर्व्हिस’ अशी एक छोटी ओळ दिसते ना, तीच ही.

हा लेख नव्याने आलेल्या मराठी मंडळींसाठी आहे: ग्रीनकार्डवर मुलाकडे आलेले आई-बाबा, तुटपुंज्या पगारावर शिकणारी जोडपी, नोकरी गेलेलं घर, एकटे राहणारे ज्येष्ठ. एच-वन-बीवर पूर्ण पगाराची नोकरी असलेल्या घराचं उत्पन्न बहुधा मर्यादेच्या वरच असतं, त्यामुळे त्यांनी स्वतःसाठी यात वेळ घालवू नये.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी. लोक सगळं लक्ष उत्पन्नाच्या आकड्यावर ठेवतात, पण अर्ज अडतो तो दुसऱ्याच दोन जागी: ‘घर’ म्हणजे कोण, आणि कागदांवरचं नाव-पत्ता-तारीख एकमेकांशी जुळतं का. म्हणून पायरी २ आणि पायरी ५ घाईत वाचू नका.

१. मिळतं काय, ते आधी नीट समजून घ्या

इंटरनेट असलेल्या सेवेवर, म्हणजे मोबाईल डेटा, घरचं ब्रॉडबँड किंवा फोन-इंटरनेट एकत्र, दरमहा ९.२५ डॉलरपर्यंत सूट मिळते. फक्त बोलण्याची सेवा घेतली तर ५.२५ डॉलर. नुसत्या फोनची ही सूट बंद करायचं खरं तर ठरलं होतं, पण एफसीसी ते पुढे ढकलत आली आहे. मूळ अमेरिकन जमातींच्या राखीव भूमीवर राहणाऱ्यांना ३४.२५ डॉलरपर्यंत मिळतात. काही राज्यं यात आपली भर घालतात.

सवलत एका घराला एकच. मोबाईलवर घेतली तर घरच्या इंटरनेटवर नाही.

९.२५ डॉलर ऐकायला किरकोळ वाटतात. पण काही मोबाईल कंपन्या तेवढ्या रकमेत बसणारा प्लॅन देतात आणि ग्राहकाला बिलच येत नाही. अशा मोबाईल प्लॅनसाठी किमान मर्यादा ठरलेल्या आहेत: बोलण्याची सेवा असेल तर महिन्याला १००० मिनिटं, डेटा असेल तर ४.५ जीबी. कंपनी यापेक्षा जास्त देऊ शकते, कमी नाही.

हँडसेट हा या योजनेचा भाग नाही. एखादी कंपनी फुकट फोन देते तो तिच्या खिशातून, आणि तो कसा निघेल याची हमी कुणी घेत नाही.

२. तुमचं ‘घर’ म्हणजे कोण, ते ठरवा

नियमातलं घर म्हणजे एकाच पत्त्यावर राहणारी आणि उत्पन्न व खर्च एकत्र असलेली माणसं. रक्ताचं नातं हा निकष नाही, आणि एकाच छपराखाली राहणं एवढंही पुरत नाही. दोन्ही, उत्पन्न आणि खर्च, सामाईक हवेत.

एकत्र राहणारे नवरा-बायको म्हणजे एक घर. आई-वडिलांजवळ राहणारी १८ वर्षांखालची मुलं त्याच घरात. इथपर्यंत सोपं आहे. पुढचा नियम मात्र आपल्याकडच्या कुटुंबांना हमखास लागू पडतो: एखाद्या प्रौढ माणसाला स्वतःचं उत्पन्न नाही किंवा नाममात्र आहे, आणि तो ज्याच्याबरोबर राहतो तो त्याचा खर्च चालवतो, तर दोघं एकाच घरात धरले जातात.

याचा अर्थ असा. बाबा-आई ग्रीनकार्डवर न्यू जर्सीत मुलाकडे राहतात, त्यांचं स्वतःचं उत्पन्न शून्य, किराणा-औषधं सगळं मुलगा बघतो. ‘आमचं उत्पन्न शून्य, म्हणजे आम्ही पात्र’ असं त्यांना वाटतं. नाही. त्यांच्या घरात मुलगा आणि सून धरले जाणार, चौघांचं उत्पन्न एकत्र मोजलं जाणार, आणि अर्ज तिथेच संपणार. तेच आई-बाबा ज्येष्ठांसाठीच्या संकुलात वेगळ्या सदनिकेत राहत असतील आणि आपल्या पेन्शनवर आपला खर्च भागवत असतील, तर ते वेगळं घर आहे.

उलट बाजूचं उदाहरण विद्यार्थ्यांचं. तिघं जण भाडं वाटून एका अपार्टमेंटमध्ये राहतात, पण प्रत्येकाचं बँकखातं वेगळं, कमाई वेगळी. भाडं आणि विजेचं बिल वाटून घेतलं म्हणून ते एक घर होत नाहीत, कारण उत्पन्न सामाईक नाही. तिघांची तीन घरं. पण त्याच पत्त्यावर आधीच कुणाची लाईफलाईन असेल तर संगणक तुमचा अर्ज थांबवतो आणि ‘हाऊसहोल्ड वर्कशीट’ मागतो. हा फॉर्म ५६३१. त्यात साधे हो-नाही प्रश्न आहेत: तुम्ही दुसऱ्या प्रौढ व्यक्तीबरोबर राहता का, तिला लाईफलाईन मिळते का, तुमचं उत्पन्न आणि खर्च एकत्र आहे का. प्रामाणिक उत्तरं द्या आणि सही करा. खोटी माहिती दिल्याबद्दल शिक्षा होऊ शकते अशी समज त्या सहीच्या वरच छापलेली असते.

३. दोन वाटा आहेत, एक निवडा

पहिली वाट: घरातल्या कुणालाही पुढच्यापैकी एखादी सरकारी मदत चालू असणं.

- स्नॅप, म्हणजे जुने ‘फूड स्टॅम्प’
- मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांचा सरकारी आरोग्यविमा
- एसएसआय, म्हणजे कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना आणि अपंगांना मिळणारी केंद्राची रोख मदत
- सरकारी घरांची केंद्रीय मदत, यात घरभाड्यासाठी मिळणारं सेक्शन ८ चं व्हाउचर आलं
- माजी सैनिकांचं पेन्शन किंवा त्यांच्या वारसांना मिळणारं पेन्शन

जमातींच्या भूमीवर राहणाऱ्यांसाठी आणखी काही कार्यक्रम चालतात, ते इथे सोडून देतो.

नावं सारखी असल्यामुळे इथे फार गोंधळ होतो. मेडिकेड चालतं, मेडिकेअर चालत नाही. पासष्टीनंतरचं लाल-पांढरं-निळं कार्ड दाखवून काही उपयोग नाही. एसएसआय चालतं, पण निवृत्तीचं सोशल सिक्युरिटी पेन्शन किंवा अपंगत्वाचं एसएसडीआय पात्र ठरवत नाही. उत्पन्न मोजताना मात्र ते धरलं जातं. मुलांच्या शाळेतलं मोफत जेवण आणि विजेच्या बिलाची मदत पूर्वी यादीत होती, २०१६ च्या फेररचनेत ती गेली. बाजारातून घेतलेला सवलतीचा विमा, ज्याला सगळे ओबामाकेअर म्हणतात, तोही यादीत नाही.

त्यात राज्यागणिक नावं बदलतात. कॅलिफोर्नियात मेडिकेडला मेडि-कॅल म्हणतात आणि स्नॅपला कॅलफ्रेश. मॅसॅच्युसेट्समध्ये मासहेल्थ, न्यू जर्सीत एनजे फॅमिलीकेअर. या शेवटच्या दोन नावांखाली मेडिकेड आणि मुलांच्या आरोग्यविम्याचा चिप हा वेगळा कार्यक्रम दोन्ही येतात, आणि चिप लाईफलाईनला चालत नाही. तेव्हा पत्रावर नुसतं ‘फॅमिलीकेअर’ लिहिलं असेल तर राज्याच्या कार्यालयाला फोन करा आणि ‘मेडिकेड’ हा शब्द असलेलं पत्र मागून घ्या.

या वाटेतली सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात कमी माहीत असलेली गोष्ट: मदत अर्जदारालाच मिळत असली पाहिजे असं नाही. घरातल्या मुलाला मेडिकेड असेल तरी घर पात्र होतं. इथे जन्मलेल्या बाळाला मेडिकेड आहे, आई-वडील विद्यार्थी आहेत, तर अर्ज वडिलांच्या किंवा आईच्या नावाने करायचा आणि फॉर्ममध्ये ‘ज्या व्यक्तीमुळे पात्र’ या भागात बाळाचं नाव, जन्मतारीख आणि क्रमांक भरायचा. तो भाग रिकामा सोडला तर तपासणीत आईच्या नावावर मेडिकेड सापडत नाही आणि अर्ज अडकतो.

दुसरी वाट: उत्पन्न. केंद्रीय दारिद्र्यरेषेच्या १३५ टक्के किंवा त्याहून कमी. २०२५ च्या दारिद्र्यरेषेप्रमाणे ही वार्षिक मर्यादा अशी होती:

- घरात १ माणूस: २१,१२८ डॉलर
- २ माणसं: २८,५५३ डॉलर
- ३ माणसं: ३५,९७८ डॉलर
- ४ माणसं: ४३,४०३ डॉलर
- पुढे दर माणशी ७,४२५ डॉलर जास्त

अलास्का आणि हवाईची मर्यादा वेगळी आणि जास्त आहे. आकडे दर वर्षाच्या सुरुवातीला बदलतात, त्यामुळे अर्जाच्या दिवशीचा तक्ता बघा.

हातात पडणारा पगार इथे चालत नाही. कर कापण्याआधीचं पूर्ण उत्पन्न, आणि घरातल्या सगळ्यांचं. पगार, पेन्शन, सोशल सिक्युरिटी, बेकारी भत्ता, पोटगी सगळं धरायचं. शिक्षणासाठी मिळालेली आर्थिक मदत आणि कधीमधी मूल सांभाळणं किंवा गवत कापणं अशा किरकोळ, अनियमित कामाचे पैसे धरत नाहीत. विद्यापीठात शिकवण्याच्या कामाबद्दल दरमहा मिळणारं वेतन मात्र पगारच.

कुठली वाट घ्यावी? दोन्ही खुल्या असतील तर पहिली. मेडिकेड, सरकारी घरं आणि बऱ्याच राज्यांतलं स्नॅप यांची सरकारी नोंद संगणक स्वतःच तपासतो, आणि नोंद सापडली तर पुरावा द्यावाच लागत नाही. उत्पन्नाची अशी आपोआप तपासणी होत नाही. तिथे कागद लागतातच.

पण नुकत्याच आलेल्यांपुढे पहिली वाट बहुधा बंद असते. ग्रीनकार्ड मिळालेल्या प्रौढांना स्नॅप आणि मेडिकेडसाठी साधारणपणे ५ वर्षं थांबावं लागतं, आणि एसएसआयच्या अटी त्याहून कडक आहेत. त्यांच्यासाठी उरते ती उत्पन्नाची वाट, आणि तिथे पायरी २ मधला घराचा नियम आडवा येतो. आई-बाबांच्या बाबतीत बरेचदा याच दोन नियमांच्या कात्रीत उत्तर ‘नाही’ असं येतं. ते आधी कळलेलं बरं.

४. कागदपत्रं गोळा करा

सगळ्यांना लागतं ते: अर्जदाराचं पूर्ण नाव, जन्मतारीख, राहण्याचा पत्ता आणि सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे शेवटचे ४ अंक. जमातीच्या सदस्यांना त्याऐवजी जमातीचा ओळख क्रमांक चालतो. अर्जदार १८ वर्षांचा हवा. कर भरण्यासाठी मिळालेल्या आयटीआयएन क्रमांकाचे शेवटचे अंक त्या रकान्यात टाकू नका. ते कुठेच जुळणार नाहीत.

कार्यक्रमाच्या वाटेने जात असाल तर मंजुरीचं पत्र किंवा लाभाचं विवरण. त्यावर चार गोष्टी दिसल्या पाहिजेत: व्यक्तीचं नाव, कार्यक्रमाचं नाव, ते देणाऱ्या सरकारी खात्याचं नाव, आणि गेल्या १२ महिन्यांतली तारीख किंवा पुढे येणारी मुदतीची तारीख. स्नॅपचे पैसे ज्यावर जमा होतात त्या ईबीटी कार्डाचा फोटो अनेक जण पाठवतात. त्यावर तारीख नसते, कधी नावही नसतं, आणि तो परत येतो.

उत्पन्नाच्या वाटेने जात असाल तर यातलं एखादं:

- मागच्या वर्षाचं केंद्राचं किंवा राज्याचं कर-विवरणपत्र
- सध्याच्या मालकाचं वेतनपत्र किंवा पगाराच्या पावत्या
- सोशल सिक्युरिटीचं लाभ-विवरण
- निवृत्तिवेतनाचं विवरण
- बेकारी भत्त्याचं विवरण
- घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा पोटगीचा कागद

कर-विवरणपत्र असेल तर तेच द्या, ते पूर्ण वर्षाचं असतं. पगाराची एक पावती चालत नाही. कागद पूर्ण वर्षाचा नसेल तर गेल्या १२ महिन्यांतल्या सलग ३ महिन्यांच्या पावत्या लागतात. सलग हा शब्द महत्त्वाचा आहे. जानेवारी, मार्च आणि एप्रिल दिले तर अर्ज परत.

घरात कमावते दोघं असतील तर दोघांचे कागद जोडा.

फोटो काढताना कागदाचे चारही कोपरे दिसू द्या, आणि कर-विवरणपत्राचं नाव व वर्ष असलेलं पान वगळू नका. मूळ प्रत टपालाने कधीच पाठवू नका.

५. नाव, तारीख, पत्ता: मराठी माणसाचा अर्ज इथे अडतो

तपासणी करणारा संगणक नाव, आडनाव, जन्मतारीख आणि सोशल सिक्युरिटीचे ४ अंक आपल्याकडच्या नोंदींशी ताडून बघतो. त्याला आपल्या नावांची रचना कळत नाही.

पासपोर्टवर पहिलं नाव आणि वडिलांचं नाव एकाच रकान्यात छापलेलं असतं. सोशल सिक्युरिटी कार्डावर ते कधी मधलं नाव होतं, कधी पहिल्या नावाला चिकटतं. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांचं कार्ड माहेरच्या नावाचं आणि मेडिकेडचं पत्र सासरच्या नावाचं असतं. पासपोर्टवर एकच नाव असेल तर अमेरिकेच्या कागदांवर पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’, म्हणजे ‘पहिलं नाव माहीत नाही’, असं येतं. उपाय एकच: अर्जात सोशल सिक्युरिटी कार्डावर आहे अक्षर न् अक्षर तसंच नाव लिहा, आपल्याला योग्य वाटतं तसं नाही. पात्रतेच्या पत्रावरचं नाव वेगळं असेल तर लग्नाचा दाखला किंवा दुसरं ओळखपत्र तयार ठेवा. दीर्घकाळ राहायचं असेल तर सोशल सिक्युरिटी कार्यालयात जाऊन नाव एकदाच दुरुस्त करून घ्या, पुढची दहा कामं सोपी होतील.

जन्मतारीख: इथे महिना आधी, दिवस नंतर. ७ ऑगस्टचा जन्म ०७/०८ असा लिहिला की तो ८ जुलै होतो. दिवस १२ पेक्षा मोठा असेल तर चूक लगेच लक्षात येते, लहान असेल तर कुणाच्याच लक्षात येत नाही आणि ‘ओळख पटली नाही’ एवढंच उत्तर येतं.

पत्ता: राहण्याचा पत्ता म्हणून पोस्ट बॉक्स चालत नाही, टपालासाठी वेगळा देता येतो. अपार्टमेंट क्रमांक विसरला तर संपूर्ण इमारत एकच पत्ता दिसते आणि शेजाऱ्याच्या लाईफलाईनमुळे तुमचा अर्ज थांबतो. रस्त्याचं नाव अमेरिकन टपाल खातं लिहितं तसं लिहा.

६. अर्ज करा: आधी पात्रता, मग कंपनी

पात्रता ठरवणारी यंत्रणा ‘नॅशनल व्हेरिफायर’ या नावाची आहे. तिथे तीन मार्गांनी पोचता येतं. लाईफलाईनसपोर्ट डॉट ऑर्ग या संकेतस्थळावर खातं उघडून, फॉर्म ५६२९ छापून टपालाने, किंवा फोन कंपनीमार्फत. मदतीसाठी लाईफलाईन केंद्राचा फोन १-८००-२३४-९४७३.

आमचा सल्ला: संकेतस्थळावरून स्वतः करा. कंपनीच्या माणसाने टॅबवर भरलेल्या अर्जात नावाचं काय झालं ते तुम्हाला दिसत नाही, आणि पात्रता हातात असली की कंपन्यांची तुलना निवांत करता येते.

क्रम असा. खातं उघडा. वैयक्तिक माहिती भरा. कार्यक्रम किंवा उत्पन्न यापैकी वाट निवडा. संगणक नोंदी तपासतो आणि बऱ्याचदा काही मिनिटांत उत्तर देतो. नोंद सापडली नाही तर कुठला पुरावा हवा ते पडद्यावर येतं, तो फोटो किंवा पीडीएफ करून चढवा. कागद देण्यासाठी ४५ दिवसांची मुदत असते. ती उलटली तर अर्ज रद्द होतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

परत आलेल्या अर्जावर कारण लिहिलेलं असतं. ते वाचून नेमका तोच कागद द्या. तेच कागद पुन्हा चढवत राहणं हा वेळेचा अपव्यय आहे.

कॅलिफोर्निया, ओरेगॉन आणि टेक्सास या राज्यांनी स्वतःची पद्धत ठेवली होती, पण २०२५ च्या अखेरीपासून तिच्यात बदल होत आहेत. तिथे राहत असाल तर राज्याच्या लाईफलाईन संकेतस्थळावरून सुरुवात करा.

७. कंपनी निवडा

पात्रता मंजूर झाली म्हणजे सवलत सुरू झाली असं नाही, आणि हे अनेकांना कळतच नाही. मंजुरीनंतर ९० दिवसांत एखाद्या कंपनीकडे नाव नोंदवावं लागतं, नाहीतर मंजुरी संपते. लाईफलाईन देणाऱ्या कंपन्या त्याच संकेतस्थळावर पिनकोड टाकून शोधता येतात. सगळ्या कंपन्या या योजनेत नाहीत.

नोंदणीआधी विचारा: डेटा किती, घरात सिग्नल कुणाच्या जाळ्याचा येतो, मर्यादा संपल्यावर काय होतं, भारतात फोन लावण्याचे पैसे वेगळे आहेत का. व्हॉट्सॅपवर रोज व्हिडिओ कॉल करणाऱ्या आजीला ४.५ जीबी पुरणार नाही. घरात वायफाय नसेल तर सवलत मोबाईलऐवजी घरच्या इंटरनेटवर घेणं कधी कधी जास्त शहाणपणाचं ठरतं.

भारतातून आणलेला फोन वापरायचा असेल तर तो कुठल्याही कंपनीला बांधलेला नसावा, आणि इथल्या ४जी आवाजसेवेला चालणारा हवा. अमेरिकेतली मोठी ३जी जाळी २०२२ मध्ये बंद झाली, त्यामुळे काही फोनांवर इंटरनेट चालतं पण साधा कॉल लागत नाही. कंपनीला फोनचा आयएमईआय क्रमांक देऊन आधीच तपासून घ्या.

जुना नंबर ठेवायचा असेल तर जुनं खातं आधी बंद करू नका. खातं क्रमांक आणि नंबर हलवण्याचा पिन जुन्या कंपनीकडून घ्या, नंबर नव्या कंपनीत गेला की जुनं खातं बंद होतं.

८. मिळालेली सवलत टिकवा

पहिली अट वापराची. दरमहा बिल येत नसेल अशा प्लॅनवर ३० दिवसांत निदान एकदा फोन वापरलाच पाहिजे: एक कॉल, एक मेसेज, थोडा डेटा किंवा कंपनी सोडून दुसऱ्या कुणाचा आलेला फोन घेणं. ३० दिवस वापर नसला तर कंपनी १५ दिवसांची सूचना देते आणि मग सेवा काढून घेते. आई-बाबा तीन महिने पुण्याला गेले, फोन कपाटात बंद राहिला, परत आल्यावर नंबरही गेला. हे नेहमी होतं. मोठ्या मुक्कामाला जाण्याआधी कंपनीला विचारा. ज्यांना दरमहा काही बिल येतं त्यांना ही अट नाही.

दुसरी अट दरवर्षीच्या फेरतपासणीची. आधी संगणक आपणहून नोंदी बघतो. सापडलं नाही तर पत्र येतं आणि ६० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, संकेतस्थळावर, फोनवर किंवा फॉर्म ५६३० भरून. पत्र जाहिरातीच्या टपालात फेकलं गेलं की सवलत गेली.

पत्ता बदलला तर ३० दिवसांत कंपनीला कळवा. कंपनी आवडली नाही तर बदलता येते. नव्या कंपनीकडे नाव नोंदवताना जुन्या कंपनीकडची सवलत तिथे हलवण्याची संमती द्यावी लागते.

९. काही वेगळ्या परिस्थिती

व्हिसा आणि ग्रीनकार्ड. ‘सरकारी मदत घेतली तर ग्रीनकार्ड अडेल का’ हा पहिला प्रश्न असतो. २०२२ च्या नियमात उदरनिर्वाहासाठी मिळणारी रोख मदत आणि सरकारी खर्चाने दीर्घकाळ संस्थेत राहणं एवढंच मोजलं जातं, फोनबिलाची सूट त्यात येत नाही. पण एसएसआय ही रोख मदत आहे, हे लक्षात ठेवा. आई-बाबांसाठी आय-८६४ हे हमीपत्र दिलेल्या मुलांनीही बघावं: स्नॅप, मेडिकेड, एसएसआय यांसारख्या मदतीची भरपाई सरकार हमीदाराकडे मागू शकतं. स्थलांतराचे नियम आणि अर्जातले प्रश्न बदलत असतात. अर्ज प्रलंबित असेल तर सही करण्याआधी स्थलांतर वकिलाशी बोला, आणि विद्यार्थ्यांनी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाशी.

घरात छळ होत असलेल्या स्त्रिया. नवऱ्याच्या फॅमिली प्लॅनवर फोन असल्यामुळे अनेकींना बाहेर पडता येत नाही. सेफ कनेक्शन्स अॅक्ट या २०२२ च्या कायद्याने आपली आणि मुलांची लाईन त्या प्लॅनमधून वेगळी करून मागता येते. छळाचा पुरावा जोडलेली विनंती मिळाल्यावर, तांत्रिक अडचण नसेल तर, कंपनीने २ कामकाजाच्या दिवसांत ती वेगळी करायची असते. अशी विनंती केलेल्या आणि आर्थिक अडचणीत असलेल्या व्यक्तीला ६ महिन्यांपर्यंत लाईफलाईनची तातडीची सवलत मिळू शकते, आणि त्यासाठी उत्पन्नाची मर्यादा दारिद्र्यरेषेच्या २०० टक्क्यांपर्यंत आहे. अर्ज नवऱ्याला दिसणाऱ्या फोनवरून किंवा ईमेलवरून करू नका. ग्रंथालयातला संगणक वापरा.

१०. फसवणूक ओळखा

एसीपी ही दरमहा ३० डॉलर देणारी इंटरनेट योजना आता नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये नवे अर्ज थांबले आणि १ जून २०२४ ला ती पूर्ण बंद झाली. तिच्या जाहिराती अजून फिरतात, तिथे माहिती भरू नका.

लाईफलाईनच्या अर्जाला फी नाही. ‘प्रक्रिया शुल्क’ मागणारा ठग आहे. दुकानाबाहेर तंबू टाकून फुकट फोन वाटणारे खरेही असतात, पण पूर्ण सोशल सिक्युरिटी क्रमांक मागितला किंवा ओळखपत्र ठेवून घेतलं तर उठून या. आधीच सवलत असताना तिथे सही केली तर तुमची सवलत न कळत त्यांच्या कंपनीकडे हलवली जाऊ शकते.

आणि महाराष्ट्रातल्या नातेवाइकांना या लेखाचा दुवा पाठवण्याआधी: भारतात घरोघरी फोनबिलावर सूट देणारी अशी केंद्रीय योजना नाही. तिथला डिजिटल भारत निधी, म्हणजे पूर्वीचा युएसओ फंड, गावांत मनोरे आणि जाळं उभं करायला पैसे देतो. ‘सरकारतर्फे तीन महिने मोफत रिचार्ज’ असे व्हॉट्सॅपवरचे निरोप सरळ पुसून टाका.

कंपनी सवलत लावत नसेल, न विचारता सेवा बंद केली असेल, तर तक्रार एफसीसीच्या ग्राहक केंद्राकडे, १-८८८-२२५-५३२२. आणि उत्पन्न वाढलं, मेडिकेड संपलं किंवा कायमचे भारतात परत निघालात, तर ३० दिवसांत कंपनीला कळवा. तुम्ही सांगितल्यावर कंपनीला २ कामकाजाच्या दिवसांत तुमचं नाव लाईफलाईनमधून कमी करावं लागतं.